एकशे बावन्न पासांची चोरी

१

चोरीला गेलेल्या मालाला वजन नव्हतं, रंग नव्हता, आणि तो कुणी बाजारात मांडला असता तर गिऱ्हाइकाने हातही लावला नसता. तक्रारही ज्याचं गेलं त्याने केली नव्हती. ज्याच्या घरात माल सापडला, त्यानेच केली होती.

"हा पाय माझा नाही," धाकटा म्हणाला.

फुटबॉल क्लबाच्या चिटणीसांच्या खोलीत, पडद्यावर एका सामन्याचं दृश्य गोठवून ठेवलं होतं. चेंडू सुटलेला, पाय अजून हवेत. खालच्या पट्टीत धाकट्याचा क्रमांक आणि पुढे नोंद: यशस्वी पास, पुढच्या दिशेने.

"डावा पाय आहे बघा. मी डाव्या पायाने फक्त जिना चढतो. हा पास थोरल्याचा आहे. माझ्या नावावर असे नऊ सापडले. मग मोजायचं सोडून दिलं."

"का?"

"घाबरलो."

थोरला आणि धाकटा एकमेकांचे कुणी नव्हते. दोघेही मैदानाच्या मध्यभागी खेळत, एक तेहतीस वर्षांचा कर्णधार आणि दुसरा एकवीसचा, म्हणून प्रेक्षकांनीच ही नावं पाडली होती. क्लबाला पुढच्या तीन वर्षांसाठी त्यांतला एकच ठेवायचा होता. निवड आकड्यांवर होणार होती. दर सामन्याला पुढच्या दिशेने दिलेले यशस्वी पास: थोरला सव्वीस पूर्णांक नऊ, धाकटा सत्तावीस पूर्णांक एक. दोन दशांशांनी, बारा वर्षं क्लबाकडून खेळलेला कर्णधार घरी जाणार होता. शुक्रवारच्या बैठकीत शिक्का बसायचा तेवढा बाकी होता, आणि आज सोमवार होता.

चिटणीसांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. चौकशीसाठी बोलावून तिथे बसवलेल्या बाईंनी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

"तुम्ही तर जिंकलायत," बाई धाकट्याला म्हणाल्या. "मग ओरडताय कशाला?"

"पुढच्या हंगामात सत्तावीस पास कुठून आणू, बाई?"

त्या एकतीस वर्षांत इतका प्रामाणिक विद्यार्थी आपल्या वर्गात बसला होता का, हे बाईंना आठवेना.

२

आकडेप्रमुखाच्या खोलीत तीन पडदे होते आणि खिडकी एकही नव्हती. हा मनुष्य पूर्वी पूल बांधत असे. आता खेळाडूंचे गुणांक बांधत होता.

"पद्धत साधी आहे. एक माणूस सामन्याचं चित्रण बघतो आणि प्रत्येक स्पर्शाला कळ दाबतो. कुणी मारला, कुठून, कुठे, पोचला की फसला. एका सामन्याला दोनेक हजार नोंदी."

"चूक कुठे होऊ शकते?"

"कॅमेरा एकाच बाजूला आहे. पलीकडच्या कडेला खेळ गेला की पाठीवरचे आकडे वाचता येत नाहीत. थोरला-धाकटा अंगकाठीनेही सारखेच. तिथे नोंदणाऱ्याचा डोळा चालतो."

"नोंदणारा कोण?"

आकडेप्रमुखाने चष्मा पुसला. "ताई. थोरल्याची सख्खी मोठी बहीण."

बाईंनी भुवया उंचावल्या तशी तो हसला. हा प्रश्न त्याने पुष्कळदा ऐकला होता.

"कुंपणच शेत खाईल, असंच सगळे म्हणतात. म्हणून मी कुंपणावर पहारा बसवलाय. थोरल्याच्या नावावरच्या वीस नोंदी दर सामन्यानंतर मी स्वतः चित्रणाशी ताडून बघतो. तीस सामने, सहाशे नोंदी. एकही खोटी नाही. बहीण भावाला एक पास फुकट देत नाही, बाई!"

"या पहाऱ्याची कुणाकुणाला कल्पना आहे?"

"मला आणि तिला. तिला न सांगता तपासणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. बाकी कुणाला कशाला सांगू?"

"आणि या यंत्राला हात कोण लावू शकतं?"

आता चष्मा पुन्हा पुसला गेला. पासवर्ड कळफलकाच्या खाली चिकटवलेला होता. प्रशिक्षक येऊन बसत. धाकट्याचा मामा, जो त्याचे करारमदार पाहायचा, तोही बिस्किटांचे डबे घेऊन येत असे आणि डबा संपेपर्यंत हलत नसे.

बाईंनी वहीत लिहिलं: सहाशेपैकी सहाशे खऱ्या. मग त्या ओळीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. काहीतरी फार नीटनेटकं होतं, आणि नीटनेटक्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नसे.

३

प्रशिक्षकांनी बसायला सांगितलं नाही.

"थोरला मला नको होता. गेल्या हंगामाच्या आधीपासून मी हे चारचौघांत बोलतोय. तो चेंडू पायाशी धरून विचार करतो. मला विचार करणारी माणसं नकोत, धावणारी हवीत."

"मग आकडे तुमच्या मनासारखे आले."

"आले. आणि मला आश्चर्य वाटलं, हेही लिहा. मैदानावर मला तो तेवढाच चांगला दिसत होता. पण आकड्यांपुढे आमच्या डोळ्यांना कोण विचारतो? तुमच्याच जातकुळीच्या लोकांनी आम्हाला आंधळं ठरवलंय."

मामा मात्र ओसंडून बोलला. भाच्याच्या अंगी कला कशी जन्मजात, वगैरे.

"तुम्ही कधीपासून त्याचं काम बघता?"

"बाराव्या सामन्यापासून. त्याआधी आमचे भावजी बघायचे. साधा माणूस, त्याला कुणीही गुंडाळावं."

"आणि आकड्यांच्या खोलीत का बसायचात?"

"शिकायला, बाई! या वयात."

"काय शिकलात?"

"की तिथला पंखा चांगला आहे."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. या माणसाच्या मनात थंडगार वाऱ्याखेरीज काही असेल, असं बाईंना वाटेना. पण वाटणं हा पुरावा नव्हे.

४

थोरला उपचाराच्या खोलीत पलंगावर बसला होता. भर दुपारी पडदे ओढलेले. डोक्यावरची टोपी कपाळाखाली ओढलेली.

"या बाई. दिवा नको लावूया, चालेल? तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवायचात?"

बाईंनी सांगितलं.

"पास कमी झाले म्हणतात. मला नाही पटत. पाय तेच आहेत, मैदान तेच आहे." त्याचा आवाज खाली आला. "बाई, मला दुसरं काही येत नाही हो. शुक्रवारी यांनी घालवलं तर शनिवारी सकाळी उठून मी करू काय? तेवढं सांगा."

"खरे आकडे शोधायला मी आलेय. खरे असतील तर ते तुमच्या बाजूने बोलतील."

"खरे आकडे," तो पुटपुटला. "तेच पाहिजेत."

"ताईंनी कधी काही सांगितलं?"

"माझे पहिले बूट ताईने घेऊन दिले. आईच्या जागी ती. पण तीन-चार महिने झाले, बोलत नाही आम्ही. घरातली गोष्ट आहे."

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा तो मागून अगदी अगत्याने म्हणाला, "विचारायचंच राहिलं. तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवायचात?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. माणूस काळजीत असला की कान असून ऐकत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दोन निरीक्षणांवरून त्यांनी आयुष्यात कधी निष्कर्ष काढला नव्हता.

५

बुधवारी बाईंनी तीसही सामने एका मोठ्या कागदावर उतरवले. पहिल्या सहा सामन्यांत थोरल्याची सरासरी बत्तीस, धाकट्याची एकवीस. सातव्यापासून थोरला चोवीस, धाकटा एकोणतीस.

एक आठने उतरला, दुसरा आठने चढला. बेरीज त्रेपन्न ती त्रेपन्नच. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याचे पास नाहीसे होतात; शेजाऱ्याच्या घरी राहायला जात नाहीत.

आणखी एक. सातव्यानंतर पाच सामने धाकटा दुखऱ्या घोट्यामुळे बाहेर होता. त्या पाच सामन्यांत थोरला पुन्हा बत्तीस. म्हणजे उरलेल्या एकोणीस सामन्यांत, सामन्याला आठ: एकशे बावन्न पास. सगळे पलीकडच्या कडेचे, जिथे पाठीवरचा आकडा दिसत नाही.

चोरीची तारीख मिळाली, की चोरांची यादी आपोआप आखडते. प्रशिक्षकांचा राग पहिल्या सामन्याच्याही आधीचा. ते सहा सामने कशाची वाट बघत थांबले असते? मामा उगवला बाराव्याला. पाच सामने आधीची चोरी त्याच्या माथी मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

पण बाईंना खरा धागा सापडला तो न झालेल्या गोष्टीत. थोरल्याला पाडायचं तर याहून सोपी वाट होती: त्याचे चांगले पास फसले म्हणून नोंदायचे. चोराने ते एकदाही केलं नव्हतं. थोरल्याच्या खात्यातून चांगलं तेवढं काढलं, वाईट काही घातलं नाही. का? कारण त्याच्या नावावरच्या नोंदी तपासल्या जातात, हे चोराला माहीत होतं. सहाशेपैकी सहाशे खऱ्या निघणारच. खोट्या नोंदी धाकट्याच्या नावावर होत्या, आणि तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

पहाऱ्याची कल्पना दोघांना होती. आपल्या गुणांकावर जीव टाकणारा आकडेप्रमुख स्वतःच्या हाताने तो नासवेल, हे संभवत नव्हतं. उरलं एकच माणूस. ते माणूस भावाच्या बाजूला झुकेल, याची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. उलट्या बाजूला झुकेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण का? बाईंनी धाकट्याला फोन लावला.

"सहाव्या सामन्यात काय झालं होतं?"

"काही विशेष नाही. दोन-एक जिंकलो. हां, थोरला गोलच्या खांबावर आपटला. डोकं. पण दोन मिनिटांत उठला, बाई, आणि त्यानेच जिंकून दिलं. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!"

बाईंनी फोन ठेवला. ओढलेले पडदे त्यांना आठवले.

६

ताईची खोली जिन्याखाली होती. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली बाई. उजव्या हाताची बोटं बोलतानाही कळा दाबत असल्यासारखी हलत. टेबलावरच्या कॅलेंडरवर सामन्यांच्या तारखांना पेन्सिलीच्या रेघा होत्या: चार उभ्या, पाचवी तिरपी.

"या कसल्या रेघा?" बाईंनी विचारलं.

"सवय आहे."

"सातव्या सामन्यापासूनची?"

ताईची बोटं थांबली. तिने उठून दार लावलं.

"त्याने डोक्याने मारलेले चेंडू," ती म्हणाली. "गुणांकात त्याला रकाना नाही. म्हणून मी मोजते."

बाईंनी वही मिटून ठेवली. वर्गातही त्यांना थांबता येत असे.

"खांबावर आपटल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, आईला फोन केलास का? आई जाऊन नऊ वर्षं झाली, बाई. मी बाहेरच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, आणखी एक मार बसला तर काय राहील ते सांगता येत नाही. कागद त्याने जिन्यातच फाडला. म्हणाला, क्लबात एक शब्द बोललीस तर तुला भाऊ नाही. आणि मी सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं असतं?"

"क्लबाचा डॉक्टर?"

"तो हंगामाच्या सुरुवातीची स्मरणशक्तीची चाचणी आणि आताची चाचणी शेजारी ठेवतो. फरक दिसला तर बसवतो. सगळे जुने खेळाडू सुरुवातीलाच मुद्दाम मठ्ठ उत्तरं देतात. फरक येणार कुठून?"

बाईंना अभावितपणे ती युक्ती आवडली, आणि आवडल्याचा रागही आला.

"म्हणून तुम्ही त्याचे पास काढलेत."

"लोकांनी त्याला काढावं म्हणून. मी काही बोलले नाही. शब्द पाळला." ती कडवट हसली. "आठच काढायची. जास्त काढले तर प्रशिक्षक म्हणतील, असं कसं झालं. शेवटच्या सामन्यापर्यंत पुरतात की नाही, जीव टांगणीला लागला होता. दोन दशांशांनी पुरले."

"त्याचे पास फसले म्हणून लिहिले असते तर सोपं झालं असतं."

"पहारा होता ना."

"आणि पहारा नसता तर?"

ताईने कॅलेंडर उलटं घातलं. "नाही. त्याने न केलेली चूक त्याच्या नावावर लिहायला हात उठला नसता."

बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं. पावलं विरल्यावर ताईने आवाज उतरवला.

"बाई, मला पोलिसांत द्या. पण शुक्रवार जाऊ द्या. सोमवारी द्या अहवाल. तोवर धाकट्याची सही झालेली असेल."

"खोटा आकडा खोटा आहे हे कळल्यावर मी तो तीन दिवस खरा म्हणून ठेवू शकत नाही."

"तीन दिवस!"

"तुम्ही मला सांगितलंत ते मी दुसऱ्या पानावर लिहीन. तपासणी झाल्याशिवाय करार करू नये, असं स्पष्ट लिहीन."

"दुसरं पान कोण वाचतं, बाई?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याने बाईंना जास्त त्रास झाला.

७

शुक्रवारी पहिलं पान चारदा वाचलं गेलं. थोरला बत्तीस, धाकटा एकवीस. आकडेप्रमुख भिंतीकडे बघत होता. प्रशिक्षक म्हणाले, "म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत," आणि हरल्यासारखे खुर्चीत टेकले.

"आता दुसरं पान," बाई म्हणाल्या.

चिटणीसांनी ते उलटून पाहिलं. "हे कुणाच्या सांगण्यावरून?"

"त्यांच्या बहिणीच्या."

"म्हणजे पहिल्या पानावर तुम्ही स्वतः जिला खोटारडी ठरवलीत, तिच्या?"

बाईंनी आयुष्यात पुष्कळ सिद्धता मांडल्या होत्या. आपलीच सिद्धता आपल्यावर अशी उलटलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"तिच्या शब्दावर विसंबू नका. त्यांच्या मेंदूचा स्कॅन काढा. आज."

क्लबाच्या डॉक्टरने दोन चाचण्यांचे कागद शेजारी ठेवले. फरक नाही. बाईंनी पहिल्या चाचणीची युक्ती सांगितली. डॉक्टर म्हणाला, पुरावा द्या. थोरल्याला आत बोलावलं. स्कॅनला त्याने नकार दिला. नियमाने तो अधिकार त्याचा होता.

"मी ठणठणीत आहे. ताईला मी नकोसा झालोय, एवढंच. एवढं वैरीसुद्धा करत नाही हो." त्याचे डोळे भरले होते. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"तुम्ही डॉक्टर आहात का, बाई?" चिटणीसांनी अगदी नम्रपणे विचारलं.

"नाही."

"मग आकड्यांपुरतं बोलूया."

तीन वर्षांचा करार झाला. ताईला त्याच संध्याकाळी काढून टाकण्यात आलं. दुसरं पान अहवालाच्या मागे टाचणीने लावलेलं होतं. इतिवृत्तात त्याचा उल्लेख 'इतर' या शीर्षकाखाली एका ओळीत आला.

आकडेप्रमुखाने एकाच बाजूला पहारा ठेवला म्हणून बाईंनी त्याला मनातल्या मनात नापास केलं होतं. त्या रात्री त्यांना कळलं की त्यांनीही एकाच बाजूचा प्रश्न विचारला होता: आकडे खरे आहेत का? खरे ठरले तर कुणाचं काय होईल, हा प्रश्न त्यांच्याही तक्त्यात नव्हता.

८

नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याचं निमंत्रण आलं, आणि बाई गेल्या. मानाच्या खुर्चीवर न बसता त्यांनी स्वस्तातलं तिकीट काढलं. ताई तिथेच असणार, असा त्यांचा कयास होता. ती होती, मांडीवर वही, हातात पेन्सिल.

बाई शेजारी बसल्या.

थोरला सुरेख खेळला. प्रत्येक पासाला लोक ओरडत होते, आणि कुठेतरी जिन्याखाली कुणी नवा नोंदकार कळा दाबत होता. चेंडू उंच आला की मात्र ताईच्या खांद्याचा दगड व्हायचा. रेघ. पुन्हा रेघ.

"सात," शिट्टी झाल्यावर ती म्हणाली.

जिंकलेला संघ प्रेक्षकांच्या कठड्याशी आला. थोरल्याला बाई दिसल्या. तो हसत जवळ आला. शेजारी बसलेल्या बहिणीवरून त्याची नजर भिंतीवरून फिरावी तशी फिरली. मावळतीच्या उन्हाकडे पाठ करून, डोळे बारीक करून तो उभा राहिला.

"बाई, आलात, बरं वाटलं. तुमच्यामुळे उभा आहे इथे." तो थोडा घुटमळला, आणि मग अगदी अगत्याने म्हणाला, "कितीदा मनात येतं, विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवायचात?"

बाईंनी सांगितलं. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, सावकाश.

ताईची पेन्सिल वहीवर टेकली होती. पण याला तिच्याही वहीत रकाना नव्हता.